मासे मरत नाहीत तेव्हा

तेरवाडच्या बंधाऱ्यात मासे मरून तरंगायला लागले की पंचगंगेची बातमी होते. पाणी काळवंडलेलं असतं, वास नाकात बसतो, कुरुंदवाड-शिरोळकडची माणसं रस्त्यावर उतरतात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक बाटल्या घेऊन नमुने काढायला काठावर येतात. वर्षानुवर्षं हे चाललं आहे. मासे का मेले हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. बंधाऱ्याला बरगे घातलेले, प्रवाह थांबलेला, वरून सांडपाणी येतच राहिलेलं. पाण्यातला प्राणवायू संपला आणि मासे गुदमरले.

हे पुस्तक त्या मेलेल्या माशांबद्दल नाही. जे मासे जगतात, त्याच पाण्यात वाढतात आणि ज्यांच्या शरीरात काही बिघडलं आहे हे वरून पाहून कोणाच्याच लक्षात येत नाही, त्यांच्याबद्दल ते आहे. त्याहून जास्त ते त्याच खोऱ्यात पिणाऱ्या, पिकवणाऱ्या आणि खाणाऱ्या माणसांबद्दल आहे.

पियुषिका, थायरॉईड, अधिवृक्क, स्वादुपिंड, बीजकोश, वृषण या ग्रंथी रक्तात हार्मोन सोडतात ते अगदी नाममात्र. तरुण स्त्रीच्या एक लिटर रक्तात इस्ट्रॅडिऑल असतं साधारण एका ग्रॅमच्या कोट्यंशाइतकं. एवढ्याशा द्रव्यावर तिची पाळी, गर्भधारणा, हाडांची घनता आणि मनाची उभारी अवलंबून असते. हार्मोनचा रेणू रक्तातून फिरत पेशीपर्यंत जातो, तिथल्या ठरलेल्या जागी बसतो आणि पेशीला काय करायचं ते सांगतो. माणसाने बनवलेली काही रसायनं आकाराने या रेणूंसारखी असतात. ती त्याच जागी बसतात आणि नको त्या वेळी हुकूम सोडतात. काही नुसती जागा अडवतात, त्यामुळे खऱ्या हार्मोनचं म्हणणं पेशीपर्यंत पोहोचतच नाही. काही रसायनं हार्मोन तयार होण्याच्या किंवा शरीराबाहेर टाकले जाण्याच्या कामातच ढवळाढवळ करतात. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा ज्ञात किंवा संशयित रसायनांची संख्या सुमारे ८०० दिली आहे.

विषाबद्दलची आपली सगळी समजूत मात्रेवर उभी आहे. जास्त घेतलं तर मरतो, कमी घेतलं तर पचतं. हार्मोनच्या बाबतीत हा हिशोब चुकतो, कारण शरीर मुळातच अत्यल्प मात्रेला प्रतिसाद देण्यासाठी घडलेलं आहे. मात्रेइतकीच, कित्येकदा मात्रेहून मोठी, गोष्ट म्हणजे वेळ. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. लागणीच्या वेळी कांडीवरचा डोळा दुखावला तर पुढे कितीही खत-पाणी दिलं तरी त्या जागी ऊस फुटत नाही, आणि कंबरेएवढ्या उसाला तेवढाच मार बसला तर तो बघता बघता सावरतो. गर्भाचं तसंच आहे. मुलग्याची जननेंद्रियं घडायचा निर्णायक काळ गरोदरपणाच्या साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात येतो. अनेकींना तोवर आपण गरोदर आहोत हे कळून जेमतेम महिना झालेला असतो. बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या थायरॉईड हार्मोनवर चालते. या काळातली चूक नंतर दुरुस्त होत नाही, आणि अनेकदा ती दिसते मूल वयात आल्यावर, कधी त्याच्याही पुढे.

याचा माणसांमधला पहिला ठोस पुरावा औषधातून आला. लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३८ मध्ये डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचं कृत्रिम इस्ट्रोजेन तयार केलं. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत ते लाखो गरोदर स्त्रियांना दिलं गेलं. आयांना फारसं काही झालं नाही. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्यांच्या मुलींना ऐन विशीच्या आसपास योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. औषध एका पिढीने घेतलं आणि त्याची किंमत पुढच्या पिढीने मोजली. याच डॉड्स यांनी १९३६ मध्ये बिस्फेनॉल-ए हे द्रव्यही इस्ट्रोजेनसारखं वागतं असं नोंदवून ठेवलं होतं. औषध म्हणून ते मागे पडलं. पुढे त्यापासून पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक आणि डब्यांच्या आतला लेप बनवायचा उद्योग उभा राहिला, तेव्हा त्या नोंदीची कोणी दखल घेतली नाही.

दुसरी हकीकत कापडनगरी इचलकरंजीच्या दृष्टीने अधिक जवळची आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. बॉस्टनमधल्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोनेनशाईन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच वाढत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एकदा इस्ट्रोजेनचा थेंबही नसलेल्या द्रवात त्या भराभरा वाढू लागल्या. प्रयोगशाळेतली एकेक वस्तू बदलून पाहण्यात कित्येक महिने गेले. दोष निघाला तो द्रव साठवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत. कंपनीने नळ्या मजबूत व्हाव्यात म्हणून मिश्रण बदललं होतं आणि त्यात काय घातलं हे सांगायला ती तयार नव्हती. तेव्हा या दोघांनी स्वतःच ते द्रव्य वेगळं काढलं. ते नोनिलफेनॉल होतं. १९९१ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

नोनिलफेनॉल ज्या रसायनांतून सुटतं ती, म्हणजे नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट, कापड धुण्याच्या, भिजवण्याच्या आणि रंग नीट बसवण्याच्या कामात जगभर वापरली गेली. सांडपाण्यात गेल्यावर जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि उरतो तो तुकडा मूळ रसायनापेक्षा जास्त टिकाऊ, जास्त इस्ट्रोजेनधर्मी. म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या वाटेवरच हा पदार्थ तयार होतो आणि गाळात जाऊन बसतो. युरोपने २००३ मध्ये त्याच्या औद्योगिक वापरावर निर्बंध आणले आणि २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या, धुतल्या जाणाऱ्या कापडावरही मर्यादा घातली. युरोपातल्या गिऱ्हाईकाच्या घरी कापड धुतलं गेलं तर तिथली नदी बिघडू नये, ही त्यामागची काळजी. ती रास्तच आहे. पण तेच कापड ज्या गावात विणलं, धुतलं, रंगवलं जातं तिथल्या नदीची काळजी कोणी करायची?

विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. त्या एका मागातून हे शहर उभं राहिलं, आणि सायझिंग, प्रोसेस यांच्यावर आज हजारो घरं चालतात. त्या घरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा या पुस्तकाचा हेतू नाही. इथल्या काळ्या ओढ्याचं पाणी नदीत मिसळताना ज्याने पाहिलं आहे त्याला रंग दिसतो, फेस दिसतो. रंग घालवण्यावर आपल्याकडे चांगलं कामही झालं आहे; शिवाजी विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जिवाणू आणि वनस्पती वापरून कापडाचे रंग तोडण्याच्या पद्धतींवर वर्षानुवर्षं संशोधन केलं. पण पाण्याचा रंग गेला म्हणजे पाणी निर्धोक झालं, असं होत नाही. वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्याची मानकं केंद्राने २०१६ मध्ये सुधारली. त्यात रंग, बीओडी (जैविक प्राणवायूची मागणी), क्रोमियम, सल्फाइड यांना मर्यादा आहेत, फिनॉलवर्गी संयुगांना एकत्रित मर्यादा आहे. नोनिलफेनॉलचं नाव नाही.

नदीच्या तपासणीचंही तसंच. राज्याच्या मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर काढतात: पाण्याची आम्लता, विरघळलेला प्राणवायू, बीओडी आणि विष्ठेतले जिवाणू. मासे गुदमरतील का आणि माणसाला कावीळ-जुलाब होतील का, हे या चार गोष्टी सांगतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ई ची साथ आली, माणसं दगावली, तेव्हा याच तपासण्यांचं मोल कळलं. ते मी कमी लेखत नाही. पण या चारही कसोट्यांना उतरलेल्या पाण्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारी द्रव्यं असू शकतात. इंग्लंडमध्ये नेमकं हेच झालं. जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांच्या खाली पिंजऱ्यात ट्राऊट मासे ठेवले. पाणी नियमांत बसत होतं, मासे ठणठणीत होते, आणि नरांच्या रक्तात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होत होतं, जे एरवी फक्त माद्यांच्या शरीरात बनतं. नंतर नद्यांमधल्या रोच जातीच्या माशांत वृषण आणि बीजकोश एकत्र असलेले नर मोठ्या संख्येने सापडले.

अशाने पुढे काय होतं, हे कॅनडात एका अख्ख्या तळ्यावर तपासलं गेलं. कॅरेन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत ओंटारिओतल्या प्रायोगिक तळ्यात गर्भनिरोधक गोळ्यांतलं कृत्रिम इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला पाच ते सहा नॅनोग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम औषध सुमारे वीस कोटी लिटर पाण्यात. एकही मासा विषबाधेने तडफडला नाही. नर मादीसारखे झाले, पिल्लं यायची थांबली, आणि फॅटहेड मिनो हा लहान मासा त्या तळ्यातून जवळपास नाहीसा झाला. इतक्या शांतपणे एक जात संपू शकते, हे वाचल्यापासून नदीकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

आता उसाकडे. कोल्हापूर जिल्ह्यात या विषयावर बोलायचं आणि उसाचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. पूर्वी लागणीनंतर भांगलणीला बायांची रांग सरीत बसायची. आता भांगलायला माणूस मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, म्हणून तणनाशक मारलं जातं. अॅट्राझिन तण उगवायच्या आत, सरीत ओल असताना मारायचं असतं. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर ओततात, काठीने ढवळतात, काठी सापडली नाही तर हाताने. पंप पाठीवर, त्याच्या झाकणातून पाणी गळून सदरा भिजलेला, पाय अनवाणी, तोंडाला फार तर टॉवेल. बांधावर जेवणाचा डबा. बादली विहिरीवर धुतली जाते. घरी आल्यावर तो सदरा बायको बाकीच्या कपड्यांबरोबर धुते, पोटुशी असली तरी तीच धुते. हातमोजे आणि मुखपट्टी वापरा असा सल्ला मी वाचतो तेव्हा मे महिन्यातल्या शिरोळच्या रानातलं ऊन आठवतं. तो सल्ला चुकीचा नाही, पण तेवढ्यावर हात झटकणाऱ्यांबद्दल मला राग आहे.

बर्कलीच्या टायरोन हेज यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलं की लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम इतक्या अॅट्राझिनमध्ये वाढलेल्या काही नर बेडकांच्या जननग्रंथी नर-मादी अशा मिश्र होतात. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला चालणारी मर्यादा ३ मायक्रोग्रॅम आहे. या निष्कर्षावर मोठा वाद झाला. उत्पादक कंपनीच्या पैशातून झालेल्या अभ्यासांत असे परिणाम दिसले नाहीत, अमेरिकेच्या नियामकांनीही कंपनीच्या बाजूचा पुरावा ग्राह्य धरला. पुस्तकात दोन्ही बाजू दिल्या आहेत. युरोपने मात्र बेडकांचा निकाल लागायची वाट पाहिली नाही. हे द्रव्य भूजलात ठरलेल्या मर्यादेच्या वर सापडतं एवढ्याच कारणावर २००४ मध्ये त्यांनी त्याची परवानगी काढून घेतली. आपल्या केंद्र सरकारने २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात अॅट्राझिन होतं, उसात सर्रास वापरलं जाणारं २,४-डी देखील होतं. २०२३ मध्ये अंतिम बंदी आली ती मोजक्या औषधांवर. ही दोन्ही त्यातून सुटली.

भारतात हे कधी सिद्धच झालेलं नाही, असं म्हणणाऱ्यांनी केरळचा कासारगोड पाहावा. काजूच्या बागांवर तिथे वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या शाळकरी मुलांची तपासणी केली आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: फवारणीच्या गावातले मुलगे फवारणी न झालेल्या गावातल्या मुलग्यांपेक्षा उशिरा वयात येत होते आणि त्यांच्या हार्मोनचं गणित वेगळं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी देशभर बंदी घातली. तोवर दुसरी पिढी शाळेत गेली होती. विषाचा घाव तत्काळ दिसला तर आपण हलतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हा राज्य हादरलं. उशिरा वयात येणाऱ्या मुलासाठी चौकशी समिती बसत नाही.

शिरोळ तालुक्यात कॅन्सर वाढला, ही चर्चा आता गावागावात आहे. त्या चर्चेमागे घराघरातलं दुःख आहे आणि ते खरं आहे. पण प्रत्येक गाठीचं खापर खतावर किंवा नदीवर फोडता येत नाही; तंबाखू आहे, उशिरा होणारं निदान आहे, वाढलेलं आयुर्मान आहे. मुलींची पाळी लवकर येते, त्यात वाढत्या वजनाचा वाटा मोठा आहे. पुरुषांच्या शुक्राणूंचं प्रमाण १९७३ ते २०१८ या काळात जगभरात निम्म्यावर आलं, असं शेकडो अभ्यास एकत्र करून हागाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या गटाने मांडलं. त्यातही धूम्रपान, लठ्ठपणा आणि रसायनं यांचे वाटे वेगळे काढणं अवघड आहे. हे कबूल करूनच पुढे जायला हवं. जो लेखक सगळ्या रोगांचं एकच कारण सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो आमच्या बाजूचा असला तरी.

दुधाबद्दलचा गैरसमज याच जातीचा. म्हैस पानवावी म्हणून तिला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात आणि त्या दुधाने पोरी लवकर वयात येतात, असं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकू येतं. ऑक्सिटोसिन हे प्रथिनासारखं हार्मोन आहे, ते पोटात पचून जातं. इंजेक्शनचा त्रास होतो तो म्हशीला, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ते बंदच व्हायला हवं. पण आई ज्या दुधाला भिते ते दूध ती उकळतं असतानाच प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतते, तेव्हा तिची भीती चुकीच्या जागी लागलेली असते.

उष्णता आणि स्निग्धांश या दोन गोष्टी प्लॅस्टिकमधली सैल बांधलेली द्रव्यं अन्नात उतरवतात. रविवारी दुपारी खानावळीतून घरी येणारं पार्सल डोळ्यांसमोर आणा: वाफाळता तांबडा रस्सा आणि नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा, पातळ पिशवीत ओतून, तोंडाला गाठ मारून दिलेला, वर तवंग. याहून सोयीची परिस्थिती त्या द्रव्यांना मिळणार नाही. स्टीलचा डबा घेऊन जायला पैसे पडत नाहीत. भारतीय मानकांनी बाळाच्या दुधाच्या बाटलीतून पॉलिकार्बोनेट २०१५ मध्ये काढून टाकलं, ते चांगलं झालं. मोठ्यांच्या डब्या-बाटल्यांना तो नियम नाही, आणि बिस्फेनॉल-ए च्या जागी आलेलं बिस्फेनॉल-एस फारसं वेगळं वागत नाही. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत बिलांच्या आणि तिकिटांच्या कागदावरही बहुधा हीच द्रव्यं असतात. आपल्या हातात तिकीट मिनिटभर असतं, वाहकाच्या हातात दिवसभर.

तरीही स्वयंपाकघर सुधारून हा प्रश्न सुटेल असं कोणी समजू नये. कोल्हापूर शहराने २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने आणलं. त्यासाठी लोकांनी अनेक वर्षं आंदोलनं केली होती आणि तो आनंद न्याय्य होता. पण शहराने प्यायचं पाणी धरणातून आणलं तरी शहराचं सांडपाणी जातं ते पंचगंगेतच. त्यात आपल्या गोळ्या-औषधं आहेत, साबण आहेत, सुगंधी द्रव्यं आहेत. इचलकरंजी, शिरोळ, कुरुंदवाड, नरसोबाची वाडी हे सगळं आपल्या खाली आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत नदी रानारानांत शिरली, तेव्हा वरचा आणि खालचा हा फरकही राहिला नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वांत जास्त, आणि पंचगंगा त्यांत होती.

मागणी साधी आहे. प्रयाग चिखली, जयंती नाल्याच्या खाली, रुई, तेरवाड आणि नरसोबाची वाडी या पाच जागी, उन्हाळ्यात, पहिल्या पावसात आणि हिवाळ्यात, पाणी आणि गाळ यांत नोनिलफेनॉल, बिस्फेनॉल, अॅट्राझिन आणि इस्ट्रोजेन मोजा. नमुने गोठवून ठेवा, म्हणजे वीस वर्षांनी येणाऱ्या संशोधकाला तुलना करता येईल. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात आणि तालुक्याच्या रुग्णालयांत जन्मणाऱ्या मुलग्यांत मूत्रमार्गाचं छिद्र चुकीच्या जागी असणं, वृषण खाली न उतरणं यांची नीट नोंद ठेवा. मोजणी झाली की भीती आपोआप कमी होईल किंवा तिला पुरावा मिळेल. दोन्हींपैकी काहीही झालं तरी आजच्यापेक्षा बरं.

वाचकांनी हे पुस्तक क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. ज्यांना रसायनशास्त्राचा कंटाळा आहे त्यांनी पहिली दोन प्रकरणं सोडून द्यावीत. घरात कोणी गरोदर असेल, किंवा होणार असेल, तर गरोदरपणावरचं प्रकरण आधी वाचा. घरातल्या पुरुषांनीही ते वाचावं, आणि फवारणीचे कपडे धुण्याचं काम त्या नऊ महिन्यांत तरी स्वतःकडे घ्यावं.